वसमतचे दाबशास्त्री

मराठवाड्यातील तालुक्याच्या गावांत अलीकडे जे नवे सामाजिक प्रकार उदयास आले आहेत, त्यांत घरगुती प्रेशर वॉशर घेण्याच्या विचारात असलेला गृहस्थ हा संख्येने विरळ असला, तरी एकदा गाठ पडल्यावर विसरता न येणारा प्रकार होय. प्रेशर वॉशर म्हणजे विजेच्या मोटारीवर चालणाऱ्या लहान पंपाने पाण्याचा दाब वाढवून ते नोझलमधून, म्हणजे बारीक छिद्राच्या तोंडातून, जोराने फेकणारे यंत्र. वॉशिंग सेंटरवर गाड्या ज्या धारेने धुतात, तिचीच ही घरगुती आवृत्ती. हे यंत्र घेतलेला गृहस्थ आणि ते घेण्याच्या विचारात असलेला गृहस्थ हे सर्वस्वी भिन्न प्रकार असून प्रस्तुत विवेचन मुख्यतः दुसऱ्याविषयी आहे, कारण यंत्र घरात आल्यावर माणूस पुन्हा सामान्य होतो. या विचारमग्न प्रकाराला सोयीसाठी दाबशास्त्री म्हणता येईल.

त्याचे उत्तम नमुने वसमत येथे आढळतात, आणि त्याला भौगोलिक कारणे आहेत. वसमत हे हिंगोली जिल्ह्यातील हळदीचे मोठे व्यापारकेंद्र असून ‘वसमत हळदी’ला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी निगडित असलेल्या उत्पादनाला मिळणारी कायदेशीर ओळख, प्राप्त झाले. ज्या वर्षी हळदीला भाव येतो त्या वर्षी गावाच्या कडेच्या नव्या प्लॉटिंगमध्ये घरे उठतात, घरांपुढे सिमेंटचे गट्टू बसतात आणि गट्टूंवर चारचाकी येऊन उभी राहते. या तिन्ही वस्तू मळतात. तालुक्यातील जमीन बव्हंशी काळी व भारी असून, बेसाल्ट खडकाच्या झिजेतून तयार झालेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट गटातील चिकण खनिजे विपुल असतात, जी पाणी पिऊन फुगतात आणि वाळताना आकसतात. परिणामी मडगार्डात बसलेला चिखल ओला असताना हाताला चिकटतो, वाळल्यावर पत्र्याला चिकटतो, आणि त्याने सोडून देण्याची योग्य वेळ कोणती, हे आजतागायत कोणालाही सापडलेले नाही.

दाबशास्त्री हा बहुधा शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेला अधिकारी, किंवा अडत दुकानाचा असा भागीदार असतो की ज्याचे थोरले बंधू दुकान सांभाळतात. थोडक्यात, त्याच्यापाशी पैसा बेताचा आणि वेळ मुबलक असतो. एखाद्या रविवारी वॉशिंग सेंटरवर रांगेत ताटकळत असताना त्याच्या मनात यंत्राचा विचार प्रथम येतो आणि त्याच रात्री मोबाइलवर पाहिलेल्या चित्रफितींमुळे तो पक्का होतो. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या बोलण्यात ‘बार’ हे एकक दिसू लागते. समुद्रसपाटीवर हवेचा जो दाब असतो, तो सुमारे १ बार. इंग्रजी मापात तो १४.५ पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला तितके पौंड, इतका भरतो. घरगुती यंत्रे साधारणपणे १०० ते १५० बार दाबाची असतात. पाण्याचा १० मीटर उंच स्तंभ सुमारे १ बार दाब देतो, हेही दाबशास्त्र्याला एव्हाना ठाऊक झालेले असते. त्यामुळे रस्त्यात जलवाहिनी फुटून कारंजे उडाले की इतर नागरिक वाया जाणाऱ्या पाण्याबद्दल हळहळतात, आणि दाबशास्त्री मान तिरपी करून कारंज्याची उंची अजमावतो व ‘पाव बारसुद्धा नाही’ असा निर्णय देऊन पुढे जातो.

अभ्यासाची दुसरी पायरी म्हणजे वही. शाळेतील मूल्यमापनाच्या धर्तीवर तीत उभे रकाने आखलेले असतात आणि दाब, प्रवाह, मोटार, पाइपची लांबी, हमीचा काळ व किंमत अशा प्रत्येक बाबीला गुण दिलेले असतात. पाच ते दहा हजार रुपयांच्या दरम्यानची सगळी यंत्रे या परीक्षेत उत्तीर्ण होतात, पहिल्या दोघांत तर एका गुणाचाही फरक राहत नाही, आणि मग फरक पडावा म्हणून नवा रकाना आखावा लागतो. असा शेवटचा रकाना रंगाचा असतो, असे निरीक्षण आहे. पिवळ्या रंगाला अधिक गुण मिळण्याचे कारण ऐतिहासिक आहे, कारण आल्फ्रेड केर्शर यांनी १९३५ मध्ये जर्मनीत स्थापन केलेल्या कंपनीने १९५० मध्ये गरम पाण्याचे उच्चदाब यंत्र आणि १९८४ मध्ये घरगुती वापराचे सुटसुटीत यंत्र काढले. तिची यंत्रे पिवळी असतात, आणि हा सर्व इतिहास दाबशास्त्री अनोळखी माणसालाही ऐकवतो.

त्याची विद्या पोकळ आहे, असा समज मात्र करून घेऊ नये. चाळीसेक किलोमीटरवरील नांदेडच्या बाजारात गेल्यावर ती तेजाने प्रकट होते. तेथे काही खोक्यांवर ‘२०० बार, मिनिटाला ७ लीटर, १८०० वॉट’ असे ठळक छापलेले असते. दाबशास्त्री खिशातून पेन काढतो आणि त्याच खोक्यावर हिशेब मांडतो: बारमधील दाबाला मिनिटाला मिळणाऱ्या लीटरांनी गुणून ६०० ने भागले, की पाण्याला मिळालेली शक्ती किलोवॉटमध्ये येते, २०० गुणिले ७ भागिले ६०० म्हणजे २.३३ किलोवॉट, आणि यंत्र विजेच्या बोर्डातून घेणार अवघे १.८ किलोवॉट. म्हणजे खोक्यावरचे आकडे खरे मानले, तर यंत्र घेते त्यापेक्षा जास्त देते, आणि असे यंत्र जगात असते तर महावितरणचे काय झाले असते, असा प्रश्न तो दुकानदाराला विचारतो. खरे कारण असे की, खोक्यावरील ‘कमाल दाब’ म्हणजे यंत्र कधीतरी गाठू शकेल अशी वरची मर्यादा असते, आणि धार सलग चालू असताना मिळणारा ‘कार्यकारी दाब’ तिच्याहून बराच कमी भरतो; ११० बार छापलेल्या चांगल्या यंत्राचा तो ८० बारच्या आसपास असू शकतो. घेणाऱ्याने दुसरा आकडा पाहावा, हा दाबशास्त्र्याचा उपदेश शंभर टक्के योग्य आहे. दुकानदार तो शांतपणे ऐकतो, चहा मागवतो आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला पहिल्या आकड्यावर यंत्र विकतो.

मोटारीच्या बाबतीतही त्याचे ज्ञान पक्के असते. स्वस्त यंत्रांत युनिव्हर्सल मोटार असते, जिच्यात झिजणारे कार्बन ब्रश वीज आत पोहोचवतात, म्हणून ती हलकी, आवाजी आणि विश्रांती मागणारी असते. महाग यंत्रांतील इंडक्शन मोटारीला ब्रश नसतात, ती जड, शांत व दीर्घायुषी असते. ऑटो-स्टॉप, म्हणजे बंदुकीचा घोडा सोडताच मोटार बंद होण्याची सोय, नसलेले यंत्र त्याच्या लेखी यंत्रच नव्हे. नोझलचे कोनही त्याला पाठ असतात: शून्य अंशाची धार सुईसारखी बारीक असून ती रंग उडवते, २५ अंशांची फरशीला चालते, ४० अंशांची पसरट धार गाडीच्या रंगाला मानवते, आणि तीही हातभर अंतरावरूनच मारावी. रेडिएटरच्या नाजूक पट्ट्या, चाकांचे बेअरिंग, दुचाकीच्या साखळीचे ग्रीस आणि उघडी वायरिंग यांच्यावर धार कधीही रोखू नये, हे तो गल्लीतील मुलांना इतक्या वेळा बजावतो की ती मुले त्याला पाहताच दुचाकी पुसू लागतात. कोपऱ्यावरच्या टपरीवर ‘सर, अजून बघायलेतच का?’ असे कोणी विचारले, तर त्यातील खोच त्याला कळत नाही. अभ्यासाची चौकशी झाली, एवढेच तो ऐकतो.

या विद्वत्तेला पहिला तडा शेताकडून जातो. दाबशास्त्र्याचे चुलतबंधू अजून गावाकडे हळद करतात आणि त्यांच्याकडे फवारणीचा एचटीपी पंप असतो, ज्याचा दाब जेमतेम ३०-३५ बार, परंतु पाणी मिनिटाला २० लीटरच्या आसपास. पोळ्याच्या दिवशी ज्यांच्या दावणीला बैल उरलेले नाहीत, ते ट्रॅक्टर धुऊन सजवतात. त्या दिवशी चुलतबंधू ट्रॅक्टर घंटाभर भिजत ठेवतात, मग त्याच फवारणी पंपाची नळी लावतात, आणि चिखलाचे थर आपल्या वजनाने गळून पडतात. बार या एककाची आणि त्यांची कधी भेट झालेली नसते. यामागील शास्त्र सोपे आहे. चिकटलेला थर उचकटण्याचे काम दाब करतो, पण उचकटलेला चिखल वाहून नेण्याचे काम प्रवाह करतो. काळ्या मातीला आधी मुरायला वेळ आणि नंतर भरपूर पाणी लागते, आणि घरगुती यंत्र तर तासाला ४०० लीटरांच्या घरातच पाणी सोडते. दाबशास्त्री हे सर्व बांधावर उभा राहून पाहतो, आणि घरी येऊन वहीत प्रवाहाच्या रकान्याचे गुण वाढवतो. त्यामुळे सर्व यंत्रांचे क्रम बदलतात व अभ्यास नव्याने सुरू होतो.

दुसरा तडा घरातून जातो, आणि तो अधिक खोल असतो. यंत्र अजून दुकानात असतानाच ते जिन्याखाली ठेवायचे की गच्चीवरच्या खोलीत, यावर घरात बाजारात तुरी या न्यायाने दोन दिवस अबोला झालेला असतो. तो मिटल्यावर गृहिणी एकच प्रश्न विचारते: ‘अहो, पण पाणी कोणतं वापरणार?’ वहीत या प्रश्नाला रकाना नाही. मराठवाड्यातील अनेक गावांप्रमाणे येथेही नळ कोणत्या दिवशी, किती वाजता आणि किती वेळ सुटतो, हे घरातील बाईला तोंडपाठ असते आणि पुरुषाला ते विचारावे लागते. बोअरचे पाणी वापरावे, तर त्यातील क्षार नोझलच्या छिद्रात व पंपात साचतात आणि गाडीच्या काचेवर पांढरे डाग ठेवून जातात. हौदात किंवा बादलीत नळी टाकून यंत्राने स्वतः पाणी ओढून घ्यावे, याला सेल्फ प्रायमिंग म्हणतात. ती सोय असलेली यंत्रे मिळतात, पण नळीत हवा राहिली वा जाळीवर गाळ बसला तर पंप कोरडा फिरतो आणि त्याची सीले जळतात.

यावर दाबशास्त्री पाण्याच्या बचतीचा मुद्दा मांडतो. उघड्या पाइपपेक्षा यंत्राला खरोखरच कमी पाणी लागते, हे तो आकड्यांनिशी सिद्ध करतो, आणि आवेशाच्या भरात १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून सुमारे ५ लाख लीटर पाणी घेऊन लातूरला पोहोचलेल्या पहिल्या पाणीगाडीचा दाखलाही देतो. ‘त्या पाण्यानं कुणी गाड्या धुतल्या नव्हत्या,’ असे उत्तर येते. तुलना कशाशी करायची, हाच येथील कळीचा मुद्दा आहे: पाव तास चाललेले यंत्र १०० लीटर संपवते, तर दोन बादल्या व जुन्या बनियनचे फडके एवढ्यात हीच गाडी ४० लीटरांत निघते, आणि या घरात उघडा पाइप कधी वापरलाच जात नसल्यामुळे त्याच्या तुलनेत होणारी बचत फक्त वहीत होते.

तरीही यंत्र येते. दसऱ्याच्या सुमारास ऑनलाइन दुकानांत सवलती लागतात, खंडेनवमीला वाहनांची पूजा असते, आणि बाहेरगावी नोकरी करणारा मुलगा वही न पाहता, वहीत तिसऱ्या क्रमांकावर असलेले यंत्र बापाच्या नावाने मागवून टाकतो. पहिल्या दिवशी गाडी धुतली जाते, मग गट्टू, मग फाटक, मग कंपाउंडची भिंत, जिच्यावरील चुन्यासह शेजाऱ्याने मागील दिवाळीत रंगवून घेतलेली जाहिरातही निघून जाते. यंत्र ओढते १८०० वॉट, म्हणजे जवळजवळ ८ अँपिअर. ते मोबाइलच्या एक्स्टेन्शन बोर्डावर लावल्यास बोर्ड वितळतो, ही बाब दाबशास्त्र्याला माहीत असते, मुलाला नसते. त्यानंतर दाबशास्त्री सोलर वॉटर हीटरकडे वळतो, त्यासाठी नवी वही आणतो, आणि वॉशरविषयी कोणी विचारले तर तुटक उत्तर देतो.

त्याच्या परिश्रमांचा निष्कर्ष मात्र वाया जाऊ नये. वसमतसारख्या गावात एक चारचाकी, एक दुचाकी आणि घरापुढचे अंगण असलेल्या कुटुंबाला ११० बार कमाल दाबाचे, बादलीतून पाणी ओढणारे, ऑटो-स्टॉप असलेले यंत्र पुरेसे आहे. त्यासाठी १६ अँपिअरचा स्वतंत्र प्लग व नीट अर्थिंग करून घ्यावे, पाण्याच्या तोंडाशी जाळी न चुकता लावावी, आणि पंपाचे सील व नोझल नांदेडला सुटे मिळतात की नाही, हे पैसे देण्यापूर्वी विचारून घ्यावे. ज्या घरी पाणी विकत घ्यावे लागते, तेथे हे यंत्र घेऊ नये. ट्रॅक्टर आणि ट्रॉलीसाठी ते घेण्यात अर्थ नाही. त्यांना फवारणीचा पंप किंवा वॉशिंग सेंटरच बरे.