हीटर धरलाय, गप बसा

बारामती-इंदापूर रस्त्यावर काटेवाडीपासून निमगाव केतकीपर्यंत गाव कुठलंही घ्या, तिथं एक आप्पा असतातच. डोक्याला टोपी, टोपीवरून मफलर आणि दारात जुनी ट्रॅक्स. गाडी आकुर्डीच्या बजाज टेम्पोची. पण तिचं इंजिन मर्सिडीजच्या परवान्यानं बनलेलं, हे कळल्यापासून आप्पा गावातल्या कुठल्याच नव्या गाडीला मोजत नाहीत.

त्यांचा खरा हंगाम उसाच्या गाळपाबरोबर सुरू होतो. भवानीनगरच्या कारखान्याचं धुराडं पेटलेलं, पहाटेचा पारा दहा-बारावर आणि कुणाला तरी बारामतीच्या दवाखान्यात घाईनं जायचं असतं. माणसं कोंबून बसली की आप्पा किल्ली अर्धीच फिरवतात आणि डावा हात वर करतात.

"हीटर धरलाय. गप बसा."

तेवढा वेळ गाडीत सरपंच असला तरी त्याची सत्ता चालत नाही. हीटर तापल्याचं सांगणारा डॅशबोर्डवरचा दिवा कधीच गेलाय. पण तो बदलायची गरज आप्पांना वाटत नाही. हा तुकोबांच्या पालखीचा रस्ता, म्हणून ते "राम कृष्ण हरी" मोजतात. मधेच कुणी "झालं का?" विचारलं, की जप पुन्हा पहिल्यापासून.

वर व्याख्यान ऐकावं लागतं ते वेगळंच. "पेट्रोलच्या गाडीत ठिणगी असती. डिझेलला ठिणगी कुठली? हवा दाबून तापवायची, तिच्यात डिझेल फवारायचं, मग ते पेटतं. पण थंडीत लोखंडच सगळी ऊब पिऊन टाकतं. म्हणून चार सिलिंडरला चार हीटर प्लग." दवाखान्याची वेळ टळते, पण ज्ञान मिळतं.

रविवारी हे चारही प्लग अंगणात गोणपाटावर मांडले जातात. काजळी पुसायची, एकेक बॅटरीला जोडून टोक लाल होतंय का बघायचं आणि झालं की शेजाऱ्यांना हाक मारून दाखवायचं. बॅटरीच्या टर्मिनलवर साचलेला पांढरा थर ते गरम पाण्यानं धुतात. ते पाणी घरातल्या कुणाच्या तरी अंघोळीचं असतं.

ट्रॅक्टरच्या चेंबरखाली पाचट पेटवून इंजिन शेकणारे ड्रायव्हर दिसले की आप्पांचा तोल जातो. "आरं, इंजिन हाय का हुरडा?" आगीच्या बाबतीत त्यांचं अगदी बरोबर आहे. पण भर मे महिन्यात, पत्र्यावर पापड भाजेल अशा उन्हातही ते तेवढाच वेळ हीटर धरतात, त्याचं कारण मात्र इंजिनात सापडत नाही.

मग पुतण्यानं नवी डिझेल गाडी आणली. प्लग तिलाही होते. पण ते कधी, किती तापवायचे हे गाडीतला कॉम्प्युटरच ठरवतो. पुतण्यानं बटण दाबलं, गाडी सुरू. आप्पांचा हात वरच राहिला. दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी त्यांना कुणीतरी सांगितलं, की हिला टर्बो आहे. लांबून पळवून आणली तर लगेच बंद करू नये, थोडी चालू ठेवून टर्बो निवू द्यावा. आप्पांचा चेहरा उजळला.

आता गाडी वेळेत निघते. इंदापूरच्या मंगल कार्यालयासमोर वेळेत पोचतेही. मग पुढच्या सीटवरून डावा हात वर होतो. आतून स्पीकरवर पुकारा चाललेला असतो, "मुलीचे मामा कुठं आहेत?" मुलीचे मामा मागच्या सीटवर टर्बो निवायची वाट बघत असतात.