आधी बैल तुडवा, मग मिलान पाहा

मिलानची पायी सैर बैल तुडवून सुरू होते. दुओमो कॅथेड्रलशेजारी काचेच्या छताची भव्य गॅलेरिया आहे. तिच्या फरशीत मोझेकचा एक बैल जडवलाय, तुरीन शहराचं चिन्ह. त्याच्या वृषणांवर टाच रोवून गिरकी घेतली की भाग्य उजळतं म्हणे. इतक्या टाचा फिरल्या की तिथे चक्क खड्डा पडलाय. एरवी मुलांना ‘नीट वाग’ म्हणून दटावणारी कुटुंबंही हे कर्म हसतमुखानं, फोनसमोर उरकतात. याच गॅलेरियाचा वास्तुविशारद ज्युझेप्पे मेंगोनी १८७७ साली इथेच उंचावरून पडून मेला. भाग्याच्या बाबतीत जागेची पत एवढीच! पण गिरकी घेणाऱ्याला हे सांगणार कोण?

लिओनार्दोचं ‘अंतिम भोजन’ बहुतेकांचं हुकतं. त्याचं तिकीट आगाऊ काढावं लागतं, आणि मिळालं तरी चित्रासमोर पंधरा मिनिटं. बैलाला अशी अट नाही.

पुढे शेअरबाजारासमोर माउरित्सिओ कातेलाननं घडवलेला प्रचंड संगमरवरी हात उभा आहे. बाकीची बोटं तुटलेली, मधलं तेवढं ताठ. ते बाजाराला दाखवलंय की बाजारातर्फे आपल्याला, हे दुओमोच्या चौकात खुर्चीवर बसून कॉफी मागवल्यास बिलावरून कळतं. स्थानिक माणूस तीच कॉफी काउंटरपाशी उभ्यानं, दोन घोटांत, स्वस्तात संपवून कामाला लागलेला असतो.

मोंते नापोलेओने या महागड्या फॅशनच्या रस्त्यावरची दुकानं मात्र फुकटात पाहता येतात. बाहेरून. दारावरचा सूटबूटवाला आपल्याकडे बघतच नाही; आधी चपला बघतो.