कोष्टकराव

कोष्टकरावांचं खरं नाव महाराष्ट्र मंडळाच्या वर्गणीच्या वहीत सापडेल. लोकांच्या तोंडी ते कधी राहिलंच नाही. मूळचे पुण्याचे, आता सिडनीत वेस्टमीडला घर, एका बँकेच्या संगणकखात्यात नोकरी. त्या घरात आजवर एकही वस्तू कोष्टक मांडल्याशिवाय शिरलेली नाही. मिक्सरला अकरा रकाने होते. गादीला सतरा. व्हॅक्यूम क्लीनरचं कोष्टक इतकं लांबलं, की वहिनींनी मधल्या काळात वेंगुर्ल्याहून आलेल्या पाहुण्यांकरवी केरसुणी मागवून घेतली. ती अजून वापरात आहे.

अशा माणसाने समुद्रात बुडी मारून भाल्याने मासे मारायचं मनावर घ्यावं, हे ऐकून मंडळात हसाहस झाली. पण सिडनीचा समुद्र माणसाला सुखाने बसू देत नाही हेही खरं. शनिवारी सकाळी खडकाळ किनाऱ्यावर जावं, तर काळे सूट घातलेली पोरं हातभर लांबीचे फिन्स काखेत मारून पाण्यातून वर येत असतात, आणि एखाद्याच्या हातात चांगला मांडीएवढा किंगफिश लोंबत असतो. पाठीला हवेचं नळकांडं नाही, काही नाही. एक श्वास घ्यायचा, खाली जायचं, त्या श्वासात जमेल ते करायचं आणि वर यायचं. नळकांडं लावून भाला चालवायला न्यू साउथ वेल्समध्ये कायद्यानेच मनाई आहे. ही मनाई कळल्यावर कोष्टकराव खूश झाले. "म्हणजे अन्याय नाही," ते म्हणाले. "त्याला कल्ले, मला भाला." आणि घरी जाऊन त्यांनी नवी फाइल उघडली.

मासेमारीचा परवाना त्यांनी पहिल्याच आठवड्यात काढला. तो तीन दिवसांचा मिळतो, महिन्याचा मिळतो, वर्षाचा आणि तीन वर्षांचाही मिळतो. दिवसाला किती सेंट पडतात ते काढून त्यांनी तीन वर्षांचा घेतला. पुढे काय झालं ते पाहता निर्णय दूरदर्शी होता.

स्पिअरगन म्हणजे मुळात फार गूढ वस्तू नव्हे. एक नळी, तिच्या तोंडाशी बांधलेलं जाड रबर, मागे मूठ आणि चाप, वर खाचेत बसवलेला पोलादी भाला. भाल्याच्या टोकामागे एक बोटभर पंख असतो. तो माशाच्या अंगात शिरताना मिटलेला राहतो, मागे ओढ बसली की उघडतो, म्हणजे मासा निसटत नाही. भाला दोरीने बंदुकीला बांधलेला. मूठ छातीवर टेकवून रबर दोन्ही हातांनी मागे ओढायचं, भाल्याच्या खाचेत अडकवायचं आणि चाप दाबायचा. हे सगळं कोष्टकरावांनी वहिनींना आकृती काढून समजावलं. आकृती बघून वहिनी म्हणाल्या, "म्हणजे बेचकीच ना?" कोष्टकराव दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. माझ्या मते राग अनाठायी होता. नवऱ्याला बत्तीस पानं लागली, ते बाईंनी एका श्वासात सांगून टाकलं होतं.

खरी भानगड लांबीची. ७५, ९०, १००, ११०, १३०: हे आकडे नळीच्या लांबीचे, सेंटिमीटरमधले. पाणी गढूळ असेल, कपारीत डोकवायचं असेल, तर आखूड बरी. पाणी नितळ आणि मासा दूरचा असेल, तर लांब. या धंद्यातल्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा, पहिली बंदूक म्हणून तो ९० किंवा १०० सांगेल; ॲल्युमिनियमची नळी, सात मिलिमीटरचा भाला, सोळा मिलिमीटरचं एकच रबर, आणि वर म्हणेल, उरलेल्या पैशांत चांगला सूट घे. हा सल्ला कोष्टकरावांना पहिल्याच दिवशी मिळाला होता. पण पहिल्याच दिवशी मिळालेल्या उत्तरावर विश्वास ठेवणारा माणूस कोष्टक कशाला मांडेल?

त्यांनी हवेच्या दाबावर चालणाऱ्या इटालियन बंदुकांपासून सुरुवात केली. आखूड लांबीत जोर जास्त, म्हणून मन बसलं. आतला सील गेला तर दुरुस्तीला कोण बसणार, म्हणून उठलं. मग रोलर. त्यात रबर तोंडाशी कप्पीवरून वळून नळीच्या पोटाखाली जातं, त्यामुळे तेवढ्याच लांबीत ताण जास्त मिळतो आणि धक्काही कमी बसतो. पण भरायला किचकट. "ही दुसरी बंदूक म्हणून उत्तम," असा शेरा पडला, आणि पहिली नसलेल्या माणसाने दुसऱ्या बंदुकीचा वेगळा तक्ता केला. त्यानंतर कुणीतरी त्यांना सांगितलं की सागवानाच्याही बंदुका असतात. वजनदार लाकूड धक्का पोटात घेतं, नेम हलत नाही. हे ऐकून कोष्टकराव हळवेच झाले. वाड्याच्या तुळया सागवानी होत्या, आजोबांचा पाट सागवानी होता, वाडा बिल्डरला दिला तेव्हा ते लाकूड कुठे गेलं कुणी विचारलं नाही, असं बरंच निघालं. किंमत पाहिल्यावर ओघ थांबला.

इतिहास तर हवाच. १९३० च्या दशकात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर हा नाद कसा वाढला, मार्सेयच्या जॉर्ज ब्युशाने १९३४ साली कारखाना कसा काढला, स्पिअरगन बनवणारा डर्बनचा रॉब अ‍ॅलन, हे सगळं त्यांना तोंडपाठ. ऑस्ट्रेलियाचा रॉन टेलर १९६५ साली ताहितीत भाल्याच्या शिकारीत जगज्जेता झाला, आणि पुढे भाला ठेवून बायकोबरोबर पाण्याखालचं चित्रण करू लागला. 'जॉज' चित्रपटातले खरे शार्क या जोडप्याने टिपलेले. हे आम्हाला सांगून झाल्यावर कोष्टकराव गप्प झाले. गप्प झाले म्हणजे पाण्याखालच्या कॅमेऱ्यांचा तक्ता मनात सुरू झाला. वहिनींनी तिथल्या तिथे विषय बदलला.

बंदुका नुसत्या कागदावर जोखणं त्यांना पटेना. मग प्लंबिंगचे पाइप आणून त्यांनी ७५, ९० आणि ११० सेंटिमीटरचे तीन तुकडे कापले आणि पोहण्याच्या तलावावर गेले. पाण्याखाली एकेक पाइप समोर धरून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. जीवरक्षक मुलगी काठावर उभी राहून बराच वेळ पाहत होती. शेवटी तिने विचारलं, सगळं ठीक आहे ना? "ड्रॅग मोजतोय," कोष्टकरावांनी मान वर काढून सांगितलं. शेजारच्या लेनमध्ये आज्यांचा व्यायाम चालला होता, तो थांबला. निष्कर्ष मात्र पक्का निघाला: ११० चा पाइप पाण्यात आडवा फिरवायला जड जातो, तेवढ्या वेळात मासा ओळखदेख न देता निघून जाईल. हे आम्ही सगळे ऐकून होतो. हाताने अनुभवलेले ते एकटेच, तेही बंदूक नसताना.

मग ते दुकानात गेले. काउंटरवरच्या पोराने तक्त्याकडे बघितलंदेखील नाही. "मेट, तू बुडी मारतोस तिथे पाण्यात किती लांबचं दिसतं?" एवढंच विचारलं. या प्रश्नाचा रकानाच नव्हता! कोष्टकराव तसेच परत आले.

सिडनीत मलबार नावाचं उपनगर आहे. १९३१ साली तिथल्या खडकांवर फुटलेल्या मलबार जहाजावरून ते नाव पडलं. तिथे खडकाच्या टोकावर बसून, दोरीला स्टीलचं ताट बांधून, ते पाण्यात सोडत कोष्टकरावांनी कित्येक रविवार काढले. ताट दिसेनासं झालं की दोरीवर खूण. युक्ती त्यांची नव्हे. सेक्की नावाच्या इटालियन पाद्र्याने १८६५ मध्ये पांढरी तबकडी सोडून समुद्राची नितळता अशीच मोजली होती. मात्र सेक्कीच्या घरी ताट कमी पडल्याची तक्रार झाली नसावी. कोष्टकरावांच्या घरी झाली, कारण गणपतीत पंगतीला एक पान उणं पडलं. वाऱ्याप्रमाणे, पावसाप्रमाणे, भरती-ओहोटीप्रमाणे आकडा बदलतो, हे त्यांनी सिद्ध केलं. हे तो दुकानातला पोरगाही सांगू शकला असता.

वेंगुर्ल्याहून मेहुण्याचा फोन आला की तो विचारायचा, "भावजी, बंदूक कित्याक व्हयी? गरी टाकून बसा मां!" कोष्टकराव त्याला रबराचा ताण किती पटीत असावा हे सांगू लागायचे. मेहुणा फोन बहिणीकडे द्यायला सांगायचा.

एवढ्या काळात त्यांच्या अभ्यासाचा फायदा झाला नाही असं नाही, फक्त तो इतरांना झाला. पॅरामाटाच्या डेंटिस्टने त्यांना विचारलं, १०० घेतली, महिन्याभरात किंगफिश आणला. मंडळाच्या खजिनदाराने विचारलं, तोही घेऊन मोकळा झाला. मी स्वतः त्यांच्याच सल्ल्याने ९० घेतली. आम्ही तिघं पाण्यात जायचो आणि कोष्टकराव आमच्याबरोबर, फ्लोट आणि निळा-पांढरा झेंडा धरून. आणि इथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे: एवढा चांगला जोडीदार मला दुसरा मिळालेला नाही. या खेळात माणसं मरतात ती शार्कने नव्हे. श्वास ताणून वर येताना, पृष्ठभाग हाताशी आलेला असताना शुद्ध हरपते, आणि शेजारी कुणी नसलं तर खेळ संपतो. म्हणून एक खाली, एक वर, हा नियम. पण वरच्या माणसाच्या हातात बंदूक असली की त्याचं लक्ष माशाकडे जातंच. कोष्टकरावांच्या हातात बंदूक नव्हती, घड्याळ होतं. वर आल्यावर अर्धं मिनिट ते तुमच्या तोंडाकडे टक लावून बघणार. जितका वेळ खाली, त्याच्या दुप्पट वर थांबल्याशिवाय पुन्हा जाऊ देणार नाहीत. बुडीआधी भराभरा श्वास घेऊ लागलात तर खांद्यावर चापटी. त्याने प्राणवायू वाढत नाही, फक्त कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि शरीराची धोक्याची घंटा बंद पडते, हे ते लाटांवर हिंदकळत, तोंडात पाणी जात असताना, पूर्ण समजावून सांगायचे.

एरवी त्यांची आवडती जागा म्हणजे मॅनलीजवळचा कॅबेज ट्री बे. तिथे राखीव क्षेत्र आहे, मासा मारणं सोडाच, शिंपलाही उचलता येत नाही. कोष्टकराव तिथे फार प्रसन्न असत. कुठली बंदूक, हा प्रश्नच तिथे कुणी काढत नव्हता.

शेवटी बंदूक आणली वहिनींनी. वाढदिवसाची भेट म्हणून. त्याच दुकानात गेल्या, त्याच पोराने तोच प्रश्न विचारला. पाण्यात किती दिसतं ते त्यांना ठाऊक नव्हतं. "गाडी लावायला जागा मिळते तिथे आम्ही जातो," त्या म्हणाल्या. पोराने ९० काढून दिली. दहा मिनिटांत त्या बाहेर होत्या, आणि त्यातली पाच कार्ड चालत नव्हतं म्हणून गेली. कोष्टकरावांनी खोका उघडला, बराच वेळ बघितलं, मग लॅपटॉप आणून कोष्टक उघडलं. पहिल्या ओळीत तीच होती. पहिल्या दिवसापासून.

परवान्याची थोडीच मुदत उरली असताना, सिडनीच्या दक्षिणेला एका खडकाळ कोपऱ्यात ते सशस्त्र उतरले. बंदूक पाण्यात शिरल्यावरच भरली. बाहेर भरलेली बंदूक बाळगणं गुन्हा आहे, हे त्यांनी आम्हाला गाडीत तीनदा सांगितलं होतं. पहिल्याच बुडीत समोर लुडरिक आला. हा पट्ट्यापट्ट्यांचा मासा मुख्यतः शेवाळ खातो, म्हणजे जवळजवळ शाकाहारी. एकादशी पाळणाऱ्या आईला फोनवर सांगताना बरा पडेल, म्हणून कोष्टकरावांनी तो आधीच निवडून ठेवला होता. लुडरिक २७ सेंटिमीटरहून लहान मारता येत नाही. आता गंमत अशी, की मास्कमधून पाण्यात बघताना प्रत्येक वस्तू तिसऱ्या हिश्श्याने मोठी दिसते. मंडळातल्या जेवणांवर सांगितल्या जाणाऱ्या माशांच्या लांबीला निदान तेवढा तरी शास्त्राधार आहे. गळाला लागलेला लहान मासा परत सोडता येतो, भाला आरपार गेलेला सोडता येत नाही. कोष्टकराव सहा मीटरवर, श्वास रोखून, नेम धरून हिशेब करत राहिले. वर आले ते आकडा घेऊनच. "छत्तीस दिसला. म्हणजे सत्तावीस. बरोबर हद्दीवर होता, आणि नजरेची चूक धरली तर..." मासा केव्हाच गेला होता. मी घड्याळ बघत होतो.

तासभर असंच चाललं. मग, सगळे मासे पांगल्यावर, ग्रोपर आला. मीटरभर लांब, जाड ओठांचा, निळाशार, आणि माणसाला बिलकूल न घाबरणारा. कुणीतरी दगडावरचा समुद्री साळिंदर फोडून देईल या आशेने तो बुडीखोरांच्या मागे मागे फिरतो. हा न्यू साउथ वेल्सचा राज्यमासा. त्याला भाल्याने मारायला १९६९ पासून बंदी आहे. २०२३ च्या अखेरीस क्रोनुलाला एकाने लोकांचा लाडका ग्रोपर मारला, तेव्हा एवढा गहजब झाला की पुढच्या वर्षी सरकारने गळानेही तो धरायला बंदी घातली. ग्रोपर सरळ कोष्टकरावांच्या समोर येऊन थांबला. एक डोळा इकडे फिरवला, एक तिकडे. भाल्याच्या टोकाजवळ तोंड नेलं. कोष्टकरावांनी चापावरचं बोट काढून घेतलं, बंदूक वाळूकडे वळवली, आणि ग्रोपर बंदुकीबरोबर खाली गेला, काही खायला मिळतंय का बघायला.

किनाऱ्यावर वहिनी थर्मासमधला चहा ओतत होत्या. "काय मिळालं?" त्यांनी विचारलं.

"दोन फुटांवर होता," सूटची चेन ओढत कोष्टकराव म्हणाले. "म्हणजे पंच्याहत्तर पुरली असती."