फ्रेमबाहेरचे रेडवुड

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला म्यूर वुड्स नावाचं रेडवुडचं रान आहे. तिथल्या कॅथीड्रल ग्रोव्हमध्ये शांतता पाळायची असते, आणि बोलक्यातली बोलकी मंडळीही ती पाळतात. फक्त हातवारे वाढतात.

मुलाकडे कॅलिफोर्नियात आलेल्या आईबाबांना इथे हटकून आणलं जातं. बाबा झाडाला टेकतात, आई फोन धरून मागे सरकत जाते. शेंडा धरला की बाबा कटतात, बाबा धरले की शेंडा. आणखी मागे जावं तर पाठीला दुसरं झाड लागतं. ‘‘अहो, हात तरी वर करा!’’ ती दबक्या आवाजात ओरडते. घरी पाठवलेल्या फोटोत तांबूस भिंतीसमोर शरण आलेला एक गृहस्थ दिसतो.

त्यात ऊन पडलं तर आणखी पंचाईत. मुलगा म्हणतो, ‘‘काय झकास उजेड आहे!’’ आणि फोटोत बाबांचं नाक पांढरंफटक, बाकी चेहरा काळोखात. मुरलेले छायाचित्रकार धुक्याची वाट बघतात. धुक्यात उजेड सगळीकडे सारखा पसरतो, ओल्या सालीचा रंग खुलतो.

अख्खं झाड टिपायचंच तर मायकेल निकोल्स यांच्यासारखं हात धुऊन मागे लागावं लागतं. ‘नॅशनल जिओग्राफिक’च्या 2009 मधल्या अंकासाठी त्यांनी प्रेअरी क्रीकमधल्या सुमारे 300 फुटी रेडवुडसमोर दोरांवरून कॅमेरे खालीवर फिरवले आणि 84 फोटो जोडून एक झाड उभं केलं. छापताना पानाला पान जोडून घडी घालावी लागली.

पण खरा मान अँड्र्यू हिल यांचा. सांताक्रूझच्या डोंगरातला एक वणवा म्हणे वाइन ओतून विझवला होता. त्या नवलावरच्या लेखाला फोटो हवेत, असं लंडनच्या एका मासिकाने कळवलं. त्यासाठी सॅन होजेचे हे चित्रकार-छायाचित्रकार 1900 मध्ये फेल्टनजवळच्या रेडवुडच्या खासगी राईत गेले. मालक खवळला: फोटो काढायचे नाहीत, काढलेल्या फोटोंच्या काचा इथेच ठेवा! हिल यांनी काचा दिल्या नाहीत. ही झाडं जनतेच्याच मालकीची करायची, असं मनाशी ठरवून ते तणतणत बाहेर पडले. त्याच वर्षी रेडवुड वाचवण्यासाठी सेम्परव्हायरन्स क्लब निघाला आणि 1902 मध्ये त्याच डोंगरातल्या बिग बेसिनच्या रेडवुडचं सरकारी उद्यान झालं. एका नकाराचं उट्टं काढण्याची ही तऱ्हा भलतीच खानदानी म्हणायची.

मालकाची ती राईही पुढे सरकारी उद्यानात गेली. तिथे आता कोणीही हवे तेवढे फोटो काढावेत. पैसे पडतात ते गाडी आत नेण्याचे.