गाठ पडली तंगुसाशी

फ्लाय फिशिंगची छायाचित्रं फसवी असतात. गुडघाभर नितळ पाण्यात एक माणूस उभा असतो, अंगात डझनभर खिशांचं जाकीट असतं आणि डोक्यावरून मागेपुढे झेपावणारी दोरी उन्हात चमकत असते. प्रत्यक्षात हा माणूस दिवसाचा बराच वेळ वेगळ्याच आसनात सापडतो. मान खाली, काठी काखेत, चष्मा कपाळावर, जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर. आणि दोन्ही हातांच्या चिमटींत असं काहीतरी, जे काठावरून बघणाऱ्याला तर नाहीच, पण त्याला स्वतःलाही धड दिसत नाही. तो गाठ मारत असतो. त्याच्यापासून दहा हातांवर ट्राउट मासे वर येऊन किडे गिळत असतात. ते थांबत नाहीत, आणि त्यांना थांबा म्हणायची सोय नाही.

कोकणात खाडीवर गरी टाकून बसणाऱ्याला हा प्रपंच कळायचा नाही. तंगूस, गळ, शिशाचा तुकडा आणि आमिष एवढ्यावर त्याचं भागतं. शिशाच्या वजनाने गळ हवा तिथे जाऊन पडतो. फ्लाय म्हणजे गळावर पिसं, केस आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा. त्याला वजन जवळपास नसतंच. मग फेकण्यापुरतं वजन दोरीत आणावं लागतं, म्हणून दोरी जाड. जाड दोरी पाण्यावर पडली की मासा पसार, म्हणून तिच्यापुढे निमुळता होत जाणारा साधारण 9 फुटांचा लीडर. लीडरचं टोकही सावध माशाला जाड वाटतं, म्हणून त्यापुढे आणखी बारीक टिपेट, आणि त्याच्या टोकाला किडा. दोरी संपली तर कमी पडू नये म्हणून तिच्या मागे रिळावर गुंडाळलेलं बॅकिंग वेगळंच.

रीळ ते किडा या प्रवासात पाच सांधे येतात, आणि पाचही ठिकाणी जोडायच्या दोन गोष्टींची जाडी वेगळी, पोत वेगळा. रिळाला आर्बर नॉट, बॅकिंगला अल्ब्राइट, लीडरला नेल नॉट, टिपेटला सर्जन्स किंवा ब्लड नॉट, आणि किड्याला क्लिंच. ही झाली सर्वसाधारण यादी. प्रत्येक जागेसाठी आणखी तीनचार उमेदवार रांगेत उभे असतात आणि प्रत्येकाचे कट्टर अनुयायी असतात. राजकारणावर मौन पाळणारी माणसंसुद्धा साधा क्लिंच की सुधारित क्लिंच या प्रश्नावर आवाज चढवतात.

नवशिक्याचा पहिला गोंधळ दुकानातच उडतो. टिपेटची जाडी एक्सने मोजतात आणि आकडा वाढला की जाडी कमी होते. अकरातून एक्सचा आकडा वजा केला की जाडी इंचाच्या सहस्रांशांत मिळते. म्हणजे 5एक्सचं टिपेट इंचाचे सहा सहस्रांश, साधारण 0.15 मिलिमीटर. गळांचेही क्रमांक उलटेच: 22 नंबरचा गळ 12 नंबरच्या गळापेक्षा कितीतरी लहान. गिऱ्हाईक ‘जरा मोठा नंबर द्या’ म्हणतं आणि घरी येऊन भिंगाखाली बघतं, तर डबीत काही असल्याचा पुरावा मिळत नाही.

गाठींच्या या छळाचा माग काढत गेलं तर वाट थेट गणिताच्या वर्गात पोचते. एकोणिसाव्या शतकात बराच काळ फ्लायच्या गळाला नेढं नसे. किडा तयार करतानाच गळाच्या दांडीवर ‘गट’ नावाच्या धाग्याचा तुकडा घट्ट गुंडाळून टाकत. नदीवर गेल्यावर फास फाशात अडकवला की काम झालं. पण इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या संथ नद्यांवर किडा तरंगत ठेवून मासा फसवायची टूम निघाली. भिजलेला किडा वाळवायला तो हवेत पुन्हा पुन्हा झुलवावा लागे, त्यात गट गळाच्या तोंडाशी झिजून तुटे आणि तासभर खपून केलेला किडा निकामी होई. यावर 1879 च्या सुमारास उपाय काढणाऱ्यांत ब्रिस्टलच्या क्लिफ्टन कॉलेजातले एक गणिताचे मास्तर पुढे होते. त्यांनी नेढं असलेले बारीक, हलके गळ करवून घेतले. दोरा झिजला? कापा, नव्याने बांधा, किडा शाबूत. मास्तरांचं नाव हेन्री सिंक्लेअर हॉल.

होय, ‘हॉल अँड नाइट’मधले हॉल. ज्यांचं ‘हायर अल्जिब्रा’ 1887 साली निघालं आणि भारतात इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांपुढे अजूनही ठेवलं जातं, तेच. कोलोरॅडोत स्थायिक झालेल्या एखाद्या पुणेकर इंजिनिअरला ही माहिती मिळते, तेव्हा तो क्षणभर काठी खाली ठेवतो. सोळाव्या वर्षी ज्या गृहस्थांनी झोप उडवली, तेच पंचेचाळिसाव्या वर्षी नदीच्या मधोमध पुन्हा भेटावेत, आणि या वेळी पाठीमागे उत्तरंही दिलेली नसावीत!

नेढं आलं म्हटल्यावर त्यात दोरा अडकवायची रीत हवी. ती हॅम्पशरमधल्या मेजर विल्यम टर्ल यांच्या नावाने प्रसिद्ध झाली. ही गाठ नेढ्यावर न बसता नेढ्यामागे गळाच्या मानेवर बसते, त्यामुळे किडा दोऱ्याच्या रेषेत सरळ राहतो. अट एकच, नेढं वर किंवा खाली वाकलेलं हवं. सरळ नेढ्याच्या गळावर तिचा उपयोग नाही. शिवाय शेवटी फास अख्ख्या किड्यावरून, त्याची पिसं न चुरगाळता, मागे सरकवायचा असतो. मेजरसाहेबांनी गाठ आपण शोधल्याचा दावा केला नव्हता. लोकांनी ती त्यांच्या गळ्यात बांधली ती बांधलीच.

त्या काळचा गट म्हणजे रेशमाच्या किड्याच्या पोटातला ऐवज. कोष विणायच्या बेतात आलेला किडा व्हिनेगरमध्ये बुडवून मारायचा, त्याच्या रेशीमग्रंथी बाहेर काढून ताणायच्या, की फूट-दीड फुटाचा चिवट धागा मिळे. स्पेनमधलं मुर्सिया हे या धंद्याचं मोठं केंद्र होतं. धागा एवढासा आणि लीडर 9 फुटांचा, म्हणजे लीडरच मुळात गाठींची माळ. त्यात गट कोरडा असताना ठिसूळ. बांधायच्या आधी भिजवून मऊ करावा लागे. ओलसर फेल्टच्या घड्या घातलेल्या डबीत तो घेऊन माणसं नदीवर जात.

1938 मध्ये ड्यू पाँट कंपनीने नायलॉन जाहीर केलं आणि महायुद्ध संपल्यावर ते मासेमारीत सगळीकडे पसरलं. भिजवायला नको, हवं तेवढं लांब, गटपेक्षा स्वस्त. फक्त एक खोड निघाली: ते गुळगुळीत होतं. गटमध्ये इमानाने बसणाऱ्या जुन्या गाठी नायलॉनमध्ये निसटू लागल्या. मराठी माणसाला गाठींचं शिक्षण पायजम्याच्या नाडीने दिलेलं असतं: सुरगाठ मारायला जावं तर निरगाठ बसते, आणि तीही घाईच्या वेळी. नायलॉनचा स्वभाव नेमका उलटा. निरगाठ म्हणून बांधलेली गाठ सुरगाठ निघते, आणि तीही मासा लागल्यावर.

म्हणून वेढे वाढवावे लागले. क्लिंचमध्ये टोक नेढ्यातून ओवून मूळ दोऱ्याभोवती पाच वेढे द्यायचे, ते टोक नेढ्यापाशी उरलेल्या बारक्या फटीतून काढायचं आणि ओढायचं. सुधारित क्लिंचमध्ये तेच टोक नव्याने तयार झालेल्या मोठ्या फटीतून आणखी एकदा काढायचं. ओढण्याआधी गाठ ओली करणं सक्तीचं, कारण घर्षणाने नायलॉन तापतं आणि कमजोर होतं. ओली कशाने? थुंकीने. आजूबाजूला नदी वाहत असताना! पण दोन्ही हात अडकलेले, आणि तोंड तेवढं मोकळं असतं. ब्रिटिश राजघराण्यातल्या मंडळींनाही हा छंद होता, आणि दोरा तोंडात धरण्याला पर्याय त्यांच्याकडेही नव्हता.

ब्लड नॉट दिसायला सर्वांत देखणी. दोन दोरे एकमेकांभोवती विरुद्ध दिशांनी वळवून दोन्ही टोकं मधल्या फटीतून उलटसुलट काढायची. दोऱ्यांची जाडी जवळपास सारखी हवी आणि बांधणाऱ्याला हात तीन हवेत. तिसऱ्याचं काम दात करतात. सर्जन्स नॉटला हे नखरे नाहीत. दोन दोरे शेजारी ठेवायचे, दोघांचा मिळून एक फास करायचा, टोकं त्यातून दोनतीनदा काढायची आणि ओढायचं. ती जरा बोजड दिसते, पण वेगळ्या जाडीचे दोरेही धरून ठेवते. जाणकार मंडळी चार लोकांत ब्लड नॉटची बाजू घेतात आणि अंधार पडायला लागला की गुपचूप सर्जन्स मारतात.

या दुनियेच्या एका टोकाला डेव्ही वॉटन या वेल्श तज्ज्ञाची डेव्ही नॉट आहे. इवलीशी आणि काही सेकंदांत होणारी. इतकी सोपी, की नवशिक्याला आपण काहीतरी विसरलो असं वाटून तो ती सोडून पुन्हा बांधतो. दुसऱ्या टोकाला बिमिनी ट्विस्ट. टार्पनसारख्या धिप्पाड समुद्री माशासाठी दोऱ्याला वीसेक पीळ द्यायचे, तयार झालेला फास गुडघ्यांत किंवा पायात अडकवून ताणायचा आणि पिळांवर दोरा परत गुंडाळत आणायचा. गाठ दोऱ्याच्या जवळपास पूर्ण ताकदीची होते. होडीत बसून हे करणाऱ्याला प्रथम बघणारा माणूस मदतीला धावतो.

शिकायचं कसं? पुस्तकातल्या आकृत्यांत दोरा बोटाएवढा जाड असतो आणि आकृती 3 व आकृती 4 यांच्यामध्ये काहीतरी घडतं, जे लेखक सांगत नाही. क्लिफर्ड अ‍ॅश्ली यांच्या 1944 सालच्या गाठींच्या महाग्रंथात 3,800 हून अधिक नोंदी आहेत. तो उघडून बसलेला नवशिका नदीवर पोचेलच याची खात्री नाही. शहाणे लोक आधी दोन रंगांच्या जाड दोऱ्या घेतात, गळाऐवजी मोठी कडी घेतात आणि टीव्हीसमोर बसतात. घरातली सोयीची कडी म्हणजे पडद्याची. मग आतून आवाज येतो, ‘‘अहो, त्या पडद्याने तुमचं काय वाकडं केलंय?’’ आठवड्याभराने गाठ डोळे मिटून जमायला लागते. मग खरं टिपेट हातात येतं आणि डोळे मिटायची गरजच उरत नाही, कारण उघडे ठेवूनही तेवढंच दिसतं.

वेसाव्याला किंवा हर्णैला फाटलेलं जाळं मांडीवर घेऊन बसलेल्या माणसांनी हा सोहळा पाहिला तर ती काय म्हणतील, कोण जाणे. हाताने विणलेल्या जाळ्यात प्रत्येक घराच्या कोपऱ्यावर एक गाठ असते. असल्या हजारो गाठी. हातातली सुई त्या घालत जाते आणि डिझेलच्या भावावरची चर्चा एका शब्दानेही अडत नाही.

काही गाठी मात्र शिकाव्या लागत नाहीत, आपोआप येतात. काठी झुलवताना दोरीची घडी स्वतःलाच छेदून गेली, की टिपेटवर एक साधी, बारीकशी गाठ पडते. तिला विंड नॉट म्हणतात. वाऱ्याचा त्यात हात क्वचितच असतो. बहुतेक वेळा ती काठीला दिलेल्या चुकीच्या हिसक्याची कमाई असते. पण छंद सभ्य लोकांचा, तेव्हा दोष हजर नसलेल्याला दिलेला बरा. ही आगंतुक गाठ टिपेटची ताकद निम्म्यावर आणू शकते. गंमत म्हणजे हीच साधी गाठ एखाद्याने जाणूनबुजून 5एक्सवर मारून दाखवायची ठरवली, तर त्याला ती पटकन जमत नाही.

मासा निसटल्यावर पंचनामा करता येतो. टिपेटचं टोक वेटोळं होऊन आलं असेल, तर गाठ सुटली. ते सरळ कापल्यासारखं असेल, तर दोरा तुटला. पहिल्यात दोष माणसाचा आणि दुसऱ्यात माशाच्या आकाराचा, असा सार्वत्रिक संकेत आहे. त्यामुळे सोबत्यांना दाखवण्याआधी टोक नखाने सरळ करून घेणारेही असतात.

अमेरिकेतले लेफ्टी क्रे (1925–2018) यांनी मार्क सोसिन यांच्यासोबत मासेमारीच्या गाठींवर पुस्तकच लिहिलं. न घसरणाऱ्या मोकळ्या फाशाची गाठ त्यांनी घरोघर पोचवली. फासात किडा मोकळा राहतो आणि पाण्यात जिवंत असल्यासारखा हलतो. वेढ्यांचं कोष्टक सोपं: बारीक तंगुसाला सात, जाडी वाढेल तसे कमी, अगदी जाडाला दोन. आपल्याकडे महसीरच्या मागे लागलेल्यांना अशा गाठी नीट याव्या लागतात. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या महसीरचं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी 1839 मध्येच करून ठेवलं आहे, आणि या कुळातला मासा पहिल्या धावेत दोरीची, काठीची व धरणाऱ्याची एकदमच परीक्षा घेतो.

समजा, या सगळ्यातून एखाद्या संध्याकाळी गाठ टिकली. मासा जाळीत आला, ओल्या हातांनी गळ सोडवला, फोटो निघाला, मासा परत पाण्यात गेला. टिपेटवर त्याचे दात घासलेले असतात आणि गाठीवर ताण येऊन गेलेला असतो. त्यामुळे चांगला मासा मिळाल्यानंतर शेवटचे काही इंच कापून गाठ नव्याने बांधावी, असा अनुभवी मंडळींचा सल्ला असतो. एव्हाना उजेड गेलेला असतो, बोटं गारठलेली असतात आणि समोर आणखी एक मोठा ट्राउट वर येऊन गेलेला असतो. ‘‘जुनीच चालेल की,’’ असं पुटपुटत तो माणूस दोरी पुन्हा हवेत फिरवतो. मोठा ट्राउट याच क्षणाची वाट बघत असतो.