वेटिंग लिस्टवरचे कानसेन

गाणं ऐकणाऱ्यांचे प्रकार पुष्कळ. समेच्या अर्धी मात्रा आधी मान हलवणारे, रागाचं नाव डावीकडच्याला विचारून उजवीकडच्याला सांगणारे, मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत पहिला नंबर लागावा म्हणून तराणा सुरू होताच चपला शोधणारे. पण यांतला खानदानी प्रकार एकच. संगीतातली तीर्थक्षेत्रं पाहायला सदैव निघालेला आणि कुठेच न पोचलेला कानसेन. असा एक नमुना प्रत्येक सोसायटीत असतो. आमच्याकडच्या नमुन्याला सगळे कानसेनकाका म्हणतात. निवृत्त आहेत, पेन्शन बरी आहे, गुडघे ठीक आहेत आणि घरात चाकांची एक बॅग आहे. तिची चाकं अजून दुकानातल्यासारखी चकचकीत आहेत.

काका आळशी आहेत असं मात्र कुणी समजू नये. त्यांच्या यात्रेची तयारी पाहिली तर माणूस थकून जातो. या यात्रेचा कणा म्हणजे गोवा एक्स्प्रेस. ही गाडी वास्कोहून सुटते आणि मडगाव, बेळगाव, मिरज, पुणे करत भोपाळ-झाशीमार्गे ग्वाल्हेरला, तिथून आग्र्यावरून दिल्लीला जाते. आपल्याला त्यात स्टेशनं दिसतात, काकांना घराणी दिसतात. “मडगावला उतरलं की केसरबाई आणि मोगूबाईंची गावं, म्हणजे जयपूर घराणं. मिरजेला अब्दुल करीम खाँसाहेब, म्हणजे किराणा. पुढे ग्वाल्हेर, त्यापुढे आग्रा. एका गाडीत चार घराणी! आहे कुठल्या देशात अशी रेल्वे?” काकूंचं म्हणणं असं की गाडी खरंच उत्तम आहे, आपल्याकडे तिची तिकिटं नेहमी असतात, फक्त माणसं चढत नाहीत.

यात्रेची एक फुलस्केप वही आहे. तिच्यात पट्टीने आखलेले रकाने आहेत. स्थळ, घराणं, पोचण्याची वेळ, ऐकायचा राग, जेवणाची सोय. शेवटच्या रकान्यात सगळीकडे एकच नोंद आहे : “सौ. बघेल.” खरी मेहनत चौथ्या रकान्यात दिसते. ग्वाल्हेरला सकाळी पोचलो तर तानसेनच्या समाधीपाशी कानात हेडफोन घालून मियाँ की तोडी ऐकायची. पण गाडी लेट झाली तर? तीन तास लेट असेल तर तोडी बाद, वृंदावनी सारंग. सहा तास लेट असेल तर भीमपलास. मियाँचा दरबारी ऐकायचा मध्यरात्री, पण तेव्हा समाधीच्या आवाराला कुलूप असणार. म्हणून दरबारी हॉटेलातच, आणि त्यासाठी समाधीच्या दिशेला खिडकी असलेली खोली. ही अट त्यांनी खरोखरच फोनवरून एका हॉटेलवाल्याला घातली होती. त्याने शांतपणे विचारलं, “ए.सी. की नॉन ए.सी.?” उत्तरेत रसिकता उरली नाही, हे काकांचं मत त्या दिवसापासून पक्कं झालं.

ग्वाल्हेर हे त्यांचं काशी-रामेश्वर. तिथे मुहम्मद घौस यांचा जाळ्यांनी नटलेला भव्य मकबरा आहे आणि त्याच्या बाजूला तानसेनची साधीशी समाधी. समाधीपाशी चिंचेचं झाड. त्या चिंचेची पानं चघळली की गळा सुरेल होतो, अशी गवयांची पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा. मूळचं झाड कधीच गेलं, आजचं त्याच जागी नंतर वाढवलेलं. काकांना हे सगळं पाठ आहे. “पण काका, तुम्ही कुठे गाता? तुम्हाला पानं कशाला?” असं विचारलं तर म्हणतात, “गळ्याला गुण येतो हे सगळ्यांना माहीत आहे. कानाला येतो का, ते कुणी तपासलेलंच नाही.”

हे संशोधन रखडलं आहे ते डिसेंबरमुळे. ग्वाल्हेरचा तानसेन समारोह डिसेंबरात आणि पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सवही डिसेंबरात. तारखा अगदी एक नसल्या तरी काकांच्या लेखी हा भाऊबंदकीचा वाद आहे. सवाई संपल्यावर माणसाला दम खायला वेळ नको का? आणि सवाई सोडायचा म्हटलं तर भारतीय बैठकीतल्या त्यांच्या जागेचं काय? खांबाच्या डाव्या अंगाला, पंख्याच्या वाऱ्यापासून दूर, चहाच्या स्टॉलपासून जवळ. एकदा सोडली की ती जागा परत मिळत नाही. माणसं टपलेलीच असतात.

यात्रा रद्द होते तीही शास्त्रशुद्ध. आधी आलाप. जाण्याच्या आठ-दहा दिवस आधी काका खिडकीशी उभे राहून म्हणतात, “उत्तरेत थंडी जरा जास्तच आहे म्हणे.” मग बढत. थंडीला खोकला येऊन मिळतो, खोकल्याला भाच्याचा साखरपुडा, साखरपुड्याला सोसायटीच्या टाकीची सफाई. मग लय वाढते, मुलाला फोन जातो, मुलगा वैतागून “बाबा, एकदाच काय ते ठरवा” म्हणतो. शेवटी तिहाई. काका मोबाइलवर तिकीट रद्द करायला बसतात, ओटीपी दोनदा चुकतो आणि तिसऱ्यांदा बरोबर समेवर येऊन पडतो. कापून आलेल्या पैशांचा मेसेज पाहताना त्यांच्या चेहऱ्यावर मैफल रंगल्याचं समाधान असतं.

गोव्याची गोष्ट तर आणखी अवघड. मोगूबाईंचं कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं, ते उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी ओसरलं की काही आठवडे वर येतं. घरांचे चौथरे, देवळाची जागा दिसू लागते, जुने गावकरी लांबून येऊन भेटतात, देवाचा उत्सव करतात. पाऊस आला की गाव पुन्हा पाण्याखाली. हे ऐकून काकांनी लगेच वहीत “कुर्डी, मे” असं लिहिलं आणि खाली लाल रेघ ओढली. पण मे महिना म्हणजे आंबे. पेट्या आल्यावर त्या उलट्यापालट्या करायला घरात जाणतं माणूस लागतं, आणि काकांच्या मते ते जाणतं माणूस म्हणजे ते. त्यामुळे गाव पाण्याबाहेर येतं तेव्हा काका घराबाहेर पडत नाहीत.

तिकडे फोंडा तालुक्यातल्या केरीच्या केसरबाई. त्यांची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांमधल्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर चढली. त्यांतलं व्हॉयेजर 1 हे यान 2012 साली सूर्याच्या वाऱ्याचा टापू ओलांडून ताऱ्यांमधल्या पोकळीत शिरलं. काका हे फार अभिमानाने सांगतात. अंतरं, वर्षं, तबकडीवर इतर कुठकुठल्या देशांचं संगीत आहे, सगळं. केरीतल्या बाईंचा आवाज इतक्या लांब पोचला आणि काका अजून खंबाटकी घाटापलीकडे गेले नाहीत, हा हिशेब सोसायटीतली पोरं करतात, पण त्यांच्यासमोर नाही.

“निदान मिरजेला तरी जाऊन या,” असं काकू दर दिवाळीला म्हणतात. मिरजेबद्दल काकांची माहिती चोख. फरीदसाहेब सतारमेकरांपासून चालत आलेली कारागिरी, मंगळवेढा-पंढरपूरकडून येणारे भोपळे, तुणीचं लाकूड, 2024 साली तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला मिळालेलं जीआय मानांकन. तिथून एक तंबोरा आणायचा असंही ठरलेलं आहे.

“आणाल, पण ठेवाल कुठे? वॉशिंग मशीनवर?”

“अगं, भोपळा बघून घ्यायचा असतो. जागेचं मागाहून पाहू.”

“भोपळा बघायला मंडईत पाठवलं तर कीड लागलेला आणलात.”

मिरजेचा विषय निघाला की मात्र काका एक गोष्ट सांगतात आणि ती ऐकावी तर त्यांच्याच तोंडून. ऑक्टोबर 1937. अब्दुल करीम खाँ मद्रासहून पाँडिचेरीला निघालेले. वाटेत जीव घाबरा झाला म्हणून सिंगपेरुमलकोइल नावाच्या लहानशा स्टेशनवर उतरले. फलाटावर बिछाना टाकला, तंबोरा जुळवला, दरबारीच्या सुरांत प्रार्थना केली आणि तिथेच प्राण सोडला. देह मिरजेला आणला, मीरासाहेबांच्या दर्ग्यात दफन केला. आजही तिथे त्यांच्या स्मरणार्थ गायक येऊन गातात. हे सांगताना काका तंबोऱ्याच्या तारा छेडल्यासारखी चार बोटं हवेत फिरवतात आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. अशा वेळी वाटतं, हा माणूस कुठे गेला नाही तरी चालेल. तेवढ्यात आतून काकूंचा आवाज येतो, “खाँसाहेब मध्येच उतरले खरे. पण निघाले तरी होते!”

काकूंचं हत्यार म्हणजे भीमसेन जोशी. “अकरा वर्षांचं पोर गदगच्या घरातून पळालं. खिशात तिकीट नाही. टी.सी. आला की गाणं म्हणून दाखवायचं. तसंच ग्वाल्हेर गाठलं, कलकत्ता गाठलं, जालंधर गाठलं. आणि तुम्ही? कन्फर्म तिकीट, खालचा बर्थ, ज्येष्ठ नागरिक!”

“आणि शेवटी गुरू कुठे मिळाला?” काका चष्मा पुसत विचारतात.

“कुंदगोळला. सवाई गंधर्वांकडे.”

“म्हणजे घराजवळच ना? एवढी वणवण करून भीमसेनांना जे कळलं, ते मला आधीच कळलंय. म्हणून मी घरी थांबलोय.”

यावर काकू काही बोलल्याच, तर काकांच्या भात्यात बिस्मिल्ला खाँ असतात. अमेरिकेत राहा, तुमच्यासाठी बनारस उभं करू, असं म्हणणाऱ्यांना खाँसाहेबांनी विचारलं होतं म्हणे, की माझी गंगा कुठून आणाल? “मोठी माणसं गाव सोडत नाहीत,” असा काका त्यातून निष्कर्ष काढतात. मुठा नदीबद्दल त्यांना तसंच वाटतं का, हे विचारायचा धीर अजून कुणाला झालेला नाही. देवासचं उत्तरही तयार आहे. कुमार गंधर्व 1948 साली क्षयातून बरं होण्यासाठी कोरड्या हवेच्या देवासला गेले आणि टेकडीच्या पायथ्याच्या ‘भानुकुल’मध्ये कायमचे रमले. “त्यांना तिथली हवा मानवली. मला इथली मानवते,” संपला प्रश्न.

कोल्हापूरला मात्र काका नुसतं टाळत राहिले. जवळ आहे, केव्हाही जाता येईल, सकाळी निघून रात्री घरी. देवल क्लब, अल्लादिया खाँसाहेबांचं शहर, शाहू महाराजांच्या काळातलं नाट्यगृह. ते केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024च्या रात्री आगीत जळालं. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. काकांनी सकाळी पेपर उघडला, फोटो पाहिला आणि वहीतल्या त्या ओळीवर बराच वेळ पेन धरून बसले. खोडली नाही. पुढे “पुन्हा उभं राहील तेव्हा” एवढं लिहिलं. त्या आठवड्यात त्यांनी मिरजेचं आरक्षण केलं, तेही खरोखर जायच्या इराद्याने. मग सोसायटीची वार्षिक सभा लागली.

यंदा सोसायटीतून ग्वाल्हेरला कुणीतरी गेलं, पण काका नव्हेत. दुसऱ्या मजल्यावरचं तरुण जोडपं. त्यांना जायचं होतं किल्ला पाहायला, तानसेनशी त्यांचा संबंध शाळेच्या धड्यापुरता. काकांनी त्यांना बसवून घेतलं, वहीच्या झेरॉक्स दिल्या, रागांची यादी मोबाइलवर चढवून दिली, लेट गाडीची पुरवणी वेगळ्या पिशवीत दिली. “सरोदघर चुकवू नका. हाफिज अली खाँसाहेबांचं घर, आता तिथे वाद्यांचं संग्रहालय आहे.” स्टेशनवर सोडायलाही गेले. गाडी हलली तेव्हा ते फलाटावर हात हलवत उभे होते, आणि काकूंच्या सांगण्यानुसार त्यांच्या डोळ्यांत प्रवासाला निघाल्याचं तेज होतं.

जोडपं परत आलं त्या संध्याकाळी काकांनी त्यांना जिन्यातच गाठलं. मोबाइलवरचे फोटो एकेक करून मोठे करून पाहिले. ही जाळी घौसांच्या मकबऱ्याची, समाधीची नव्हे. इथे तुम्ही चुकीच्या बाजूने उभे राहिलात. हे झाड मूळचं नाही, हे सांगितलं का तिथे कुणी? सारंग ऐकलात? फक्त दहा मिनिटं? द्रुत सुरू होण्याआधीच निघालात की! ज्यांनी ग्वाल्हेर पाहिलं ते दोघं शाळेतल्या पोरांसारखे भिंतीला टेकून उभे होते आणि ज्यांनी पाहिलं नव्हतं ते त्यांचा पेपर तपासत होते.

“आणि पानं?” काकांनी शेवटचा प्रश्न टाकला. “खाल्लीत का?”

“हो, चार-पाच चघळली,” ती म्हणाली.

“कशी होती?”

“आंबट, काका. दात आंबले नुसते.”

एवढ्या मोठ्या वहीत ही नोंद नव्हती. काकांनी खिशातून पेन काढलं, तळहातावरच काहीतरी टिपलं आणि काही न बोलता घरी गेले.

पुढच्या रविवारी गच्चीवर श्रोत्यांचं कोंडाळं जमलं होतं. नव्याने राहायला आलेल्या एका गृहस्थांनी ग्वाल्हेरचा विषय काढला. काकांनी डोळे बारीक केले, जिभेने टाळूवर एक टिचकी वाजवली आणि म्हणाले, “बाकी सगळं ठीक आहे हो. पण ती चिंचेची पानं! अजून दात आंबलेत.”