बागेत वाघूर नदी आणणाऱ्या सरांना

सर,

गेल्या रविवारी इंदुरात शाळकरी मुलांची मराठी वक्तृत्व स्पर्धा झाली. विषय होता ‘माझ्या गावाचा वारसा’. माझी भाची त्यात बोलली. इयत्ता नववी, राहणार बाग, जिल्हा धार. भाषण तुम्ही लिहून दिलेलं होतं आणि त्याचे दीड हजार रुपये माझ्या बहिणीनं तुम्हाला आधीच पोचवले होते. तुमचं नाव मी लिहीत नाही. पण हे पत्र कोणाला आहे, ते तुम्हाला पहिल्या दोन ओळींतच कळलं असेल.

मी तिसऱ्या रांगेत होतो. पोर धीटपणे उभी राहिली. तुम्ही बसवून दिलेला हात ठरल्या शब्दाला वर गेला, आवाज ठरल्या जागी चढला. वाघूर नदीच्या काठी घोड्याच्या नालेसारख्या कड्यात कोरलेली तीस लेणी, 1819 साली शिकारीला आलेला जॉन स्मिथ, त्याला झाडीतून दिसलेली कमान... सगळं घडाघडा, एकदाही न अडखळता. टाळ्या पडल्या. मग परीक्षकांपैकी एक बाई शांतपणे म्हणाल्या, “बाळ, तुमच्या गावाला नदी कोणती गं?”

“बाघिनी,” ती लगेच म्हणाली.

“मग ही वाघूर कुठून आली?”

पोरीनं खाली पाहिलं. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. वेळेची घंटा वाजली तरी तिला खाली उतरायचं सुचलं नाही, मी जाऊन हाताला धरून आणलं.

सर, तुमच्याकडे अजिंठ्यावरचं एक तयार भाषण होतं. त्यातला ‘अजिंठा’ खोडून तुम्ही ‘बाग’ लिहिलं. नदी बदलायचे कष्टही तुम्ही घेतले नाहीत. बागेच्या गुंफा तीस नाहीत, नऊ आहेत, आणि त्यांतल्याही काही ढासळल्या आहेत. अजिंठ्याचा दगड काळा, कठीण. बागेचा वालुकाश्म, पाणी पिऊन भुसभुशीत होणारा. जॉन स्मिथचा बागेशी काही संबंध नाही. या गुंफांचं पहिलं वर्णन डेंजरफील्ड नावाच्या दुसऱ्याच इंग्रज अधिकाऱ्यानं लिहिलं. बाग ग्वाल्हेर संस्थानात असताना, 1921 मध्ये, नंदलाल बोस इथे येऊन भिंतीवरच्या चित्रांच्या नकला करून गेले. उरलेल्यांतली बहुतेक मूळ चित्रं 1982 मध्ये भिंतीवरून सोडवून ग्वाल्हेरला गुजरी महालातल्या संग्रहालयात नेली. म्हणजे बागेचं पोर आज आपल्या गावच्या गुंफेत गेलं, तर त्याला बहुतेक कोरी भिंत दिसते. नववीतल्या मुलीनं सांगावी अशी ही गोष्ट होती. ‘आमच्या गावाचा वारसा आमच्या गावात नाही’ एवढं एकच वाक्य ती बोलली असती, तरी सभागृह गप्प झालं असतं.

आणि तिला सांगायला दुसरंही पुष्कळ होतं. माझ्या मेव्हण्याची नोकरी बागेत आहे आणि त्यांचं घर कापडछपाईच्या एका कारखान्यामागे आहे. ठप्प्याचा ठकठक आवाज ऐकत ती मोठी झाली. लाल रंग तुरटीनं धरतो, काळा लोखंडाच्या गंजातून येतो, हे ती तिसरीत असल्यापासून सांगते. धावडीची फुलं घातलेल्या उकळत्या भांड्यातून कापड बाहेर येतं, तेव्हा फिकट नक्षी एकदम कशी गडद होते, ते तिनं शंभरदा पाहिलंय. तेच कापड वाहत्या बाघिनीत धुताना लोक गुडघाभर पाण्यात उभे असतात, तिथे ती सुट्टीत जाऊन बसते. हे तिला तुम्ही एकदा तरी विचारलंत का? स्वतःची नदी माहीत असलेल्या मुलीच्या तोंडी तुम्ही परकी नदी घातलीत, आणि वर बजावलंत की एक शब्दही बदलायचा नाही. म्हणून ती खोटं बोलली. तिला खरं माहीत होतं, याचाच मला जास्त राग आहे.

वादविवाद स्पर्धेसाठी तुम्ही अनुकूल बाजूही विकता आणि प्रतिकूलही, असं त्याच दिवशी दोन पालकांकडून कळलं. मग मंचावर मुलं वाद घालतच नाहीत. तुमचे दोन कागद आळीपाळीनं वाचले जातात. समोरच्याचा मुद्दा ऐकायचा, तो खोडायचा किंवा पटला तर मान्य करायचा, यासाठी ही स्पर्धा असते. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती लोकांनी ऐकावं, विचार करावा आणि बोलावं म्हणून. धार-देवासला पवारांबरोबर आलेली मराठी आज इथल्या बहुतेक घरांत फक्त स्वयंपाकघरापुरती उरली आहे. माळव्यातल्या आमच्या मुलांना चारचौघांत मराठीत बोलायची संधी वर्षातून एकदा मिळते, फार तर दोनदा. भाषणाची ती सात मिनिटं तुम्ही दीड हजार घेऊन हिरावलीत, आणि आम्ही पैसे देऊन घालवली. माझ्या बहिणीलाही मी हे तोंडावर सांगितलं आहे.

आयोजकांना माझी विनंती आहे की पुढच्या वर्षी भाषणानंतर प्रत्येक मुलाला त्या बाईंसारखे दोन प्रश्न विचारा आणि निम्मे गुण त्या उत्तरांना ठेवा.

तुमच्याकडून मला पैसे परत नकोत. हेच भाषण तुम्ही बागेच्या आणखी दोन मुलांना दिलं आहे आणि ती मुलं येत्या महिन्यात धारच्या स्पर्धेत उभी राहणार आहेत. त्यांच्या घरी आजच फोन करा आणि सांगा, नदी चुकली आहे.